गोदामात पत्र्याखाली वायफायचे एपी (ॲक्सेस पॉइंट) लावलेत, खाली गल्लीत स्कॅनर तुटतो. अँटेना कुठला घ्यावा?

माणकोली_स्टोअर

नमस्कार मंडळी. भिवंडीत माणकोलीच्या पुढे आमचं गोदाम आहे, मी तिथे स्टोअर बघतो आणि नेटवर्कचं थोडंफार कळतं म्हणून तेही माझ्याकडेच आहे. जागा साधारण ६० हजार स्क्वेअर फूट, ३०० बाय २००, पीईबी म्हणजे तयार लोखंडी सांगाड्याची शेड, वर पत्रा, छताचा ट्रस १० मीटरवर. रॅक पाच लेव्हलचे, १० गल्ल्या, एकेक गल्ली ७० मीटरची, पुढची मोकळी जागा डिस्पॅचला आणि पाच डॉक. माल म्हणजे शाम्पू, हँडवॉश, तेलाचे पत्र्याचे डबे आणि दोन गल्ल्या डायपरच्या. पोटमाळ्यावर ४ हजार फुटांचं ऑफिस, ४५ माणसं बसतात.

मे महिन्यात एकाकडून ६ एपी लावून घेतले, ऑफिसात सीलिंगला असतात तसे गोल पांढरे, सगळे ट्रसला टांगलेत. तेव्हा रॅक रिकामे होते आणि सगळं एकदम मस्त चालत होतं, आम्ही टेस्टिंगही केलं, बिल पास केलं. गणपतीनंतर दिवाळीचा माल भरायला लागला आणि तेव्हापासून रोज रड. पिकर गल्लीच्या मध्यावर गेला की स्कॅनर फिरत राहतो, मग लॉगिनच्या स्क्रीनवर येतो. पोरं काय करतात तर माल स्कॅन करायचा, चालत गल्लीच्या तोंडाशी यायचं, अपलोड झालं की परत आत जायचं. दिवसभर पायपीट, आणि शिफ्ट संपताना पिकिंग कमी दिसलं की बोलणी त्यांनाच बसतात, हे मला बघवत नाही म्हणून लिहितोय.

आता तोच इन्स्टॉलर म्हणतो हे एपी काढा, बाहेरून अँटेना लागणारे घ्या आणि त्याला १२ डीबीआयचे (डीबीआय म्हणजे अँटेनाच्या जोराचं माप) ओम्नी, म्हणजे चहूबाजूंना फेकणारे, लावा, रेंज डबल होईल. कोटेशन बरंच मोठं आहे. खरंच १२ डीबीआय लावून सुटेल का? आणि ऑफिसलाही तेच लावायचे का वेगळे?

---

कल्याण_नेट

सगळे एपी जिथून चालवतात त्या कंट्रोलरमध्ये जाऊन त्यांची पॉवर मॅक्स कर आधी, बहुतेक लोक ऑटोवर ठेवतात आणि ऑटो पॉवर कमी करून टाकतं. फर्निचर शोरूमला मी हेच केलं होतं, फरक पडला. २.४ गीगाहर्ट्झ पण चालू ठेव, ते लांब जातं.

---

चाकण_वायरलेस

कल्याणच्या भावाचा उपाय शोरूमला लागू पडला असेल, भरलेल्या गोदामात नाही पडणार. जरा सविस्तर लिहितो कारण चाकणला तीन शेडमध्ये मी हेच निस्तरलंय.

पॉवर वाढवली की एपीचा आवाज मोठा होतो, स्कॅनरचा होत नाही. स्कॅनर म्हणजे हातातलं बॅटरीवरचं यंत्र, ते १५ डीबीएमच्या (पाठवण्याच्या शक्तीचं माप) आसपास पाठवतं, आणि वरून एपी २३ ने बोलत असेल तर स्कॅनरला काड्या फुल दिसतात, तो त्या एपीला धरून बसतो, पण त्याचं बोलणं वर पोचतच नाही. मग रीट्राय, रीट्राय आणि शेवटी लॉगिन स्क्रीन. तू सांगतोयस ती लक्षणं थेट हीच आहेत. अँटेनाचं तसं नाही, चांगला अँटेना बोलतानाही कामाला येतो आणि ऐकतानाही तेवढाच, म्हणजे स्कॅनरचा बारीक आवाजही तो पकडतो. म्हणून गोदामात खर्च करायचा तर अँटेनावर.

आता १२ डीबीआय ओम्नीचं. अँटेना स्वतःहून एक कणही शक्ती तयार करत नाही, आहे तीच कुठल्या बाजूला ढकलायची एवढंच ठरवतो. २-३ डीबीआयचा ओम्नी मेदूवड्यासारखा पसरतो, चहूबाजूंना आणि थोडा वरखालीही. त्यालाच दाबून १२ डीबीआयचा केला की त्याचं थालीपीठ होतं, लांबवर पातळ पसरलेलं आणि मध्ये भोक. तुझं थालीपीठ १० मीटरवर ट्रसच्या पातळीला आडवं पसरणार, पत्र्याला आणि रॅकच्या डोक्याला चाटत जाणार, आणि पिकर उभा आहे खाली, बरोबर भोकात. आज आहे त्याहून वाईट होईल. असले ओम्नी मोकळ्या मैदानात, यार्डात, जिथे समोरचा माणूस लांब आणि साधारण त्याच उंचीला आहे तिथे लावायचे. वर आपल्याकडे २.४ ला अँटेनासकट एकूण फेक ४ वॉट म्हणजे ३६ डीबीएमच्या वर नेता येत नाही, १२ डीबीआय लावलास तर एपीची पॉवर २४ डीबीएमच्या वर नेताच येणार नाही.

मेमध्ये चाललं आणि आता चालत नाही याचं कारण माल. शाम्पू हँडवॉश म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पाणी वायफाय पिऊन टाकतं. तेलाचे पत्र्याचे डबे परतवून लावतात. रिकाम्या रॅकमधून सिग्नल आरपार जात होता, आता प्रत्येक गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंती असलेला बोळ झालाय. डायपरच्या गल्ल्यांत त्रास कमी आहे का ते मुद्दाम बघ, मला वाटतं कमी असेल.

म्हणून बोळाला बोळासारखंच वागवायचं. दोन रस्ते आहेत. एक, गल्लीच्या वर ट्रसला पॅच अँटेना, म्हणजे एकाच दिशेला मारणारा चपटा अँटेना, तोंड खाली करून लावायचा. ६० अंशांचा पॅच १० मीटरवरून जमिनीवर जेमतेम ११-१२ मीटरचा गोल नीट उजळतो, त्याच्या बाहेरही मिळतं पण उतरत जातं, म्हणजे ७० मीटरच्या गल्लीला चार-पाच लागतील आणि १० गल्ल्यांना किती ते तूच मोज. जिथे पिकर खूप आणि डेटा खूप तिथे हे बरोबर आहे, तुझ्याकडे नुसते स्कॅन आहेत. दुसरा रस्ता, गल्लीच्या टोकाला ५ मीटरवर पॅच लावून गल्लीच्या लांबीत आत मारायचा, जरासा खाली झुकवून. तुला हा परवडेल.

गणितही बघून घे. ५ गीगाहर्ट्झला पहिल्याच मीटरला सिग्नलचे ४७ डीबी जातात आणि मग अंतर दुप्पट झालं की आणखी ६ जातात, ७० मीटरला ८४ होतात. एपी १७ डीबीएमवर, अँटेना ८ डीबीआय, म्हणजे २५, त्यातून ८४ गेले की स्कॅनरपाशी उणे ५९ (शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरात). हाताची पकड, अंगाचा आडोसा, स्कॅनरच्या आतला छोटासा अँटेना, यात ५-६ अजून सोड. उणे ६५ उरतात. स्कॅनरसाठी आम्ही उणे ६७ च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं धरतो, तर बसतंय, थोडं काठावर पण बसतंय. आणि १७ च का, तर स्कॅनरच्या १५ च्या जवळपास राहावं म्हणून.

५ मीटरपेक्षा खाली लावू नकोस, रीच ट्रकचा (उंच रॅकच्या फोर्कलिफ्टचा) मास्ट एक दिवस घेऊन जातो. स्प्रिंकलरच्या पाइपला काहीही बांधायचं नाही, फायरवाले इन्स्पेक्शनला आले की पहिलं तेच बघतात. एक गल्ली भिंतीकडून मार, शेजारची डिस्पॅचकडून, अशी आलटून पालटून, नाहीतर डिस्पॅचला उभ्या माणसाला दहाच्या दहा एपी सारखेच जोरात ऐकू येतील आणि स्कॅनर कुणाला धरायचं यातच गोंधळेल. डॉकचं वेगळं आहे. शटर वर गुंडाळलं की त्याचा लोखंडी रोल अँटेनासमोर येतो, म्हणून डॉकच्या डोक्यावर लावू नकोस, समोरच्या खांबावरून दाराकडे तोंड करून लाव, म्हणजे ट्रकच्या पोटात सरळ जाईल.

चॅनल २० मेगाहर्ट्झ रुंदीचेच ठेव, स्कॅनला स्पीड लागत नाही. ३६ ते ४८ चे चार आणि १४९ ते १६५ चे पाच असे नऊ मिळतात, दहा गल्ल्यांना जवळजवळ पुरतात. मधले ५२ ते १४४ हे रडारबरोबर वाटून घेतलेले असतात, त्यांच्यावर स्कॅनर स्वतःहून हाक मारत नाही, बीकनची, म्हणजे एपी ठराविक वेळाने देतो त्या हाकेची, वाट बघत बसतो, त्यामुळे एका एपीवरून दुसऱ्यावर जाताना अडखळतो. गल्ल्यांत ते टाळ. आणि १, २, ५.५, ११ हे जुने रेट (वेग, एमबीपीएसमध्ये) बंद करून कमीत कमी १२ ठेव.

एपी घेताना मॉडेलचा शेवट वाच. एकाच एपीचे दोन भाऊ असतात, सिस्कोत ९१२० एएक्सआय आतल्या अँटेनाचा आणि ९१२० एएक्सई बाहेरच्या, अरुबात ५१५ आतला आणि ५१४ बाहेरचा. चुकून आतल्याचं पार्सल आलं तर त्याला अँटेना लावायला जागाच नसते. कनेक्टरही वेगळे, ९१२० ला आरपी-टीएनसी, ५१४ ला आरपी-एसएमए, अँटेना त्याच्याशी जुळतोय का ते ऑर्डरच्या आधी बघायचं. कंट्रोलरमध्ये अँटेनाचा गेन, म्हणजे तोच डीबीआयचा आकडा, भरायला विसरू नकोस, तो भरला नाही तर पॉवरचं सगळं गणित चुकतं.

---

माणकोली_स्टोअर

दादा मनापासून आभार, थालीपीठ डोक्यात पक्कं बसलं. आणि डायपरचं तुम्ही इथे न येता ओळखलंत, ९ आणि १० नंबरच्या गल्ल्यांत खरंच तक्रार नाही, मला वाटायचं तिथली पोरं शांत स्वभावाची आहेत म्हणून बोलत नाहीत.

इन्स्टॉलरला पॅचचं बोललो तर तो म्हणाला एका एपीला चार अँटेना लागतात, मग चार केबल ओढून चार गल्ल्यांत एकेक अँटेना लावू, १० च्या जागी ३ एपीत काम होईल. पैसे बरेच वाचतात म्हणून साहेबांना ते आवडलंय. चालेल का?

---

चाकण_वायरलेस

नाही. हे अजिबात करू नको, साहेबांना माझ्या नावाने सांग हवं तर.

ते चार पोर्ट म्हणजे चार वेगळे एपी नाहीत. चारही मिळून एकाच माणसाचं बोलणं ऐकतात आणि जुळवून समजून घेतात, त्यातूनच एमआयएमओचा, म्हणजे अनेक अँटेना एकत्र वापरण्याचा, फायदा मिळतो. चार कान चार खोल्यांत ठेवले तर प्रत्येक खोलीतला माणूस एकाच कानाला ऐकू येणार, म्हणजे चार रेडिओचे पैसे देऊन एकाचं काम. आणि चारही गल्ल्यांतले स्कॅनर एकाच चॅनलवर, एकमेकांना न ऐकता एकाच वेळी बोलणार, एपीकडे नुसता कालवा होणार. चारही पोर्टना एकाच जागी, एकाच दिशेला बघणारा अँटेना लागतो. आता पॅच असे मिळतात की एकाच डब्यात चार अँटेना असतात आणि मागून चार शेपट्या निघतात, तोच घे.

केबल ओढायचा विचारही सोड. साधी आरजी ५८ केबल २.४ ला मीटरमागे जवळपास १ डीबी खाते, ५ गीगाला त्याहून जास्त. १० मीटर ओढलीस की ८ डीबीआयचा अँटेना घेतला काय न घेतला काय. जाडजूड एलएमआर ४०० मीटरमागे पाव-एक डीबीवर भागवते, ५ गीगाला थोडी जास्त, पण ती वळत नाही आणि महाग. त्यापेक्षा एपीच अँटेनाच्या पाठीला लाव आणि लॅनची केबल लांब ने, तिच्यात १०० मीटरपर्यंत काही बिघडत नाही.

---

बेदाणा_तासगाव

आमच्याकडं तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज हाय, तिथला अनुभव सांगतो, तुम्हाला थंड खोली नसली तरी कुणाला तरी उपयोग होईल. चेंबरच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हंजे मधी फोम आणि दोन्हीकडनं पत्रा. बाहेरचा एपी कितीबी मोठा लावा, दार बंद झालं की आत काय न्हाई. आम्ही पहिल्यांदा साधा घरगुती एपी आत लावला, त्याच्यावर शून्य ते पन्नास अंश असं लिहिलं होतं आणि आमचं चेंबर ४-५ अंशावर, म्हणून वाटलं चालंल. थंडीनं न्हाई गेला तो, दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येऊन त्याच्यावर दव धरायचं, दोन महिन्यांत पोर्ट गंजला.

मग एपी बाहेर ठेवला आणि नुसता अँटेना आत, मधी दीड मीटरची जाड केबल. इथं केबल ओढणं बरोबर हाय कारण दुसरा इलाज न्हाई. भोक पाडलं तिथं दोन्हीकडनं फोम भरून सीलंट मारलं, न्हाईतर त्या भोकाभोवती दव धरतं आणि रेफ्रिजरेशनवाला ओरडतो. कनेक्टरवर रबराची टेप ताणून गुंडाळायची आणि केबल आत शिरायच्या आधी खाली एक झोळ द्यायचा, म्हंजे पाणी झोळावरनं टपकतं, कनेक्टरात जात न्हाई. पावसाळ्यात बाहेर अँटेना लावणाऱ्यांनी बी हा झोळ विसरू नये.

---

बुटीबोरी_लॅन

भाऊ, ऑफिसचं कोणी सांगितलंच नाही तर मी सांगतो, मी बुटीबोरीत ऑफिसाचंच काम जास्त करून राहिलो. ऑफिसला बाहेरचा अँटेना लावायचा नाही, काही गरज नाही. पोटमाळ्याचं सीलिंग पावणेतीन मीटर असेल, त्या उंचीसाठीच तर ते गोल एपी बनवले असतात, आतला अँटेना खाली छत्रीसारखा पसरतो. तुमच्या गोदामातले सहा काढाल त्यातलेच तीन ऑफिसला लावा, नवीन घ्यायचं कामच नाही. फक्त सीलिंगला आडवे लावा, भिंतीवर फोटोसारखे उभे लावू नका, मग छत्री आडवी होते आणि निम्मा सिग्नल शेजारच्या शेडमध्ये जातो.

४५ माणसं म्हणजे मोबाइल धरून ९० तरी डिव्हाइस. इथे पॉवर कमी ठेवा, १२-१४ डीबीएम, म्हणजे माणूस जवळच्या एपीला धरेल. चॅनल ४० मेगाहर्ट्झचे चालतील, व्हिडिओ कॉल असतात. जिप्समची पार्टिशन ३ डीबीच्या आसपास खाते, तिचं टेन्शन नाही, वीट आणि काँक्रीटची भिंत खरी अडवते. आणि साहेबाच्या केबिनच्या काचेवर चकाकणारी फिल्म असेल तर ती धातूची असू शकते, बाहेर सगळं ठीक आणि आत कॉल तुटतो, लोकं एपीला शिव्या देतात. त्या केबिनच्या दारासमोर एक एपी पडेल असं बघा.

एसएसआयडी, म्हणजे वायफायची नावं, तीनच्या वर नेऊ नका. स्कॅनरचा वेगळा, ऑफिसचा वेगळा, पाहुण्यांचा वेगळा, बस. प्रत्येक नावाचा बीकन हवेत वेळ खातो.

एक गोष्ट चाकणवाल्या भाऊंनी अर्धी सांगितली ती पुरी करतो. १०० मीटर म्हणजे स्विचच्या पोर्टपासून एपीपर्यंतची पूर्ण केबल, चढउतार धरून. तुमची शेड ३०० फूट म्हणजे ९१ मीटर लांब, त्यात रॅकरूममधून वर चढली, ट्रेने फिरली, खाली उतरली, सहज १३० होते. मागच्या भिंतीला एक छोटी रॅक बसवा, पीओई स्विच (लॅनच्या केबलमधूनच एपीला वीज देणारा) ठेवा आणि तिथपर्यंत फायबर न्या. पीओई ३० वॉटवाला घ्या, १५ वाल्यावर नवे एपी चालू होतात पण काही रेडिओ बंद ठेवून किंवा पॉवर उतरवून, आणि ते स्क्रीनवर पटकन दिसत नाही. मी एकदा दोन दिवस अँटेना बदलत बसलो होतो, निघाला स्विच.

---

कल्याण_नेट

पॉवर वाढवायचं मीच सांगितलं होतं, स्कॅनरच्या बाजूचा विचार मी केला नव्हता. एक विचारायचं होतं, सर्व्हेसाठी, म्हणजे सिग्नल मोजायला, महागडं सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं का?

---

चाकण_वायरलेस

पूर्ण गोदामाचं डिझाइन करायचं तर ते सॉफ्टवेअर असलेला माणूस एक दिवस बोलवावा, पैसे वसूल होतात. पण एका गल्लीची खात्री करायला नाही लागत. एक एपी, एक अँटेना उंच स्टँडला किंवा रीच ट्रकच्या पिंजऱ्यात ५ मीटरवर बांधायचा, माणूस वर ठेवायचा नाही, आणि खाली तोच स्कॅनर हातात घेऊन चालायचं जो पिकर वापरतो. मोबाइलने मोजू नका, मोबाइल आणि स्कॅनर यांच्या कानात पुष्कळ फरक असतो. आणि मोजायचं भरलेल्या रॅकमध्ये, रिकाम्या शेडमधलं मोजमाप इथे काय करून बसलं ते बघितलंच आपण.

---

माणकोली_स्टोअर

मंडळी, काल रविवारी केलं. ओळखीतून एक बाहेरच्या अँटेनाचा एपी आणि चार शेपट्यांचा ८ डीबीआयचा पॅच दोन दिवसांसाठी मागून आणला. गल्ली नंबर ४, दोन्हीकडे शाम्पू, वरपर्यंत भरलेली. जुन्या एपीवर गल्लीच्या मध्यावर स्कॅनरला उणे ७९ मिळत होतं. पॅच टोकाला लावून चाललो तर मध्यावर उणे ५८ आणि पार शेवटच्या रॅकपाशी उणे ६६. तळाच्या लेव्हलला वाकून स्कॅन केलं तेव्हा उणे ६८ झालं पण तुटलं नाही. आज सकाळी त्या गल्लीत दोन पिकरना काही न सांगता पाठवलं, दोन तासांत एकदाही बाहेर आले नाहीत. एकाने येऊन विचारलं, ही गल्ली आजच्यापुरतीच आहे का अशी.

साहेबांना तो स्कॅनर हातात देऊन आधी ५ मध्ये चालवलं आणि मग ४ मध्ये. चार गल्ल्यांत चार अँटेनाचा विषय तिथेच संपला. १० गल्ल्यांना १० एपी आणि डिस्पॅचला २ असं कोटेशन मागवलंय, जुन्यातले तीन ऑफिसला जातील, मागच्या भिंतीच्या रॅकचं आणि फायबरचंही त्यात घातलंय.

डॉकचं मात्र बाकी आहे. ३ नंबरला ३२ फुटी कंटेनर लागला होता, त्याच्या अगदी टोकाला आत अजूनही तुटतं. समोरचा खांब डॉकच्या मध्यावर नाही, जरा डावीकडे आहे, त्यामुळे अँटेना तिरका बघतो. उद्या रात्री गाड्या गेल्या की मधल्या बीमवरून खाली एक पाइप सोडून सरळ समोर लावून बघतो आणि आकडे टाकतो इथे.